प्रमाणपत्राची मुदत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. पण संधी सांगणारे व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर रोज येतात, त्यात माझी भर कशाला? त्यापेक्षा आपल्या भागातून पुण्याला आलेली किंवा यायच्या तयारीत असलेली मुलं-मुली मला जो एक प्रश्न हमखास विचारतात, त्यावर बोलते. प्रश्न असा, की सर्टिफिकेशन करायची तयारी आहे, पण ते तीन वर्षांनी बाद होतं म्हणे, मग करायचं कशाला? माझ्या भाच्यानं तर सरळ सांगितलं, "मावशी, हे तर मोबाईलचं रिचार्ज झालं की!"

प्रश्न रास्त आहे, कारण त्यात पैसा अडकलेला आहे. नेटवर्कच्या क्षेत्रात सिस्को कंपनीची सीसीएनए नावाची परीक्षा आहे. तिची फी ३०० डॉलर, म्हणजे आजच्या हिशेबानं पंचवीस हजारांच्या वर. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं धरलं तरी पाच क्विंटल सोयाबीन झालं, आणि हमीभाव हातात किती जणांच्या पडतो ते तुम्ही मला सांगा. नापास झालात तर पुन्हा तेवढीच फी. पास झालात तर कागद तीन वर्षं चालणार. ज्या घरात एका परीक्षेसाठी माल विकावा लागतो, त्या घरानं "परत का?" असं विचारलं तर त्याला चूक कोण म्हणेल?

मी वीसेक वर्षं या क्षेत्रात आहे. स्वतः परीक्षा दिल्या, मुदतीआधी नूतनीकरण केलं, आणि आता नोकरीसाठी आलेल्यांच्या मुलाखती घेते. त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. ज्या गोष्टीचं प्रमाणपत्र आहे ती गोष्ट बदलत असेल, तर मुदत असलीच पाहिजे. पण मुदतीच्या नावाखाली नुसती फी घेतली जात असेल, तर ते खरोखर रिचार्जच आहे. या दोन्हींतला फरक ओळखता आला की निम्मा गोंधळ संपतो.

आधी मुदत का लागते ते बघू. मी शिकले तेव्हा सीसीएनएच्या अभ्यासक्रमात आयएसडीएन आणि फ्रेम रिले ही दोन तंत्रं होती. दूरवरची दोन कार्यालयं जोडायला ती वापरली जायची. आजच्या मुलांनी ती नावंही ऐकलेली नाहीत, आणि ऐकायची गरजही नाही. २०२० च्या फेब्रुवारीत सिस्कोनं अख्खी परीक्षा नव्यानं मांडली. एकेक उपकरण हातानं लावण्याऐवजी प्रोग्रॅम लिहून नेटवर्क कसं चालवायचं, हे त्यात आलं. आता २००४ सालचं प्रमाणपत्र घेऊन कुणी माझ्यासमोर बसला आणि मधल्या काळात त्यानं काहीच केलं नसेल, तर त्या कागदावरून मला काय कळणार?

विसरलेलं किंवा जुनं झालेलं ज्ञान एक वेळ चालतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे तेव्हा बरोबर असलेलं उत्तर आज चूक ठरणं. घरच्या वायफायचं उदाहरण घ्या. सुरुवातीला वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूईपी नावाची पद्धत होती, आणि ती लावली की नेटवर्क सुरक्षित झालं असं मानत. ती फोडता येते हे २००१ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं. मग डब्ल्यूपीए आलं, त्याची पुढची आवृत्ती आली, २०१८ मध्ये तिसरी आली. डब्ल्यूईपी पुरेसं आहे असं शिकलेला माणूस त्याच भरवशावर बँकेचं नेटवर्क सांभाळत बसला तर?

पासवर्डचंही तसंच. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावा, असं आम्हाला वर्षानुवर्षं शिकवलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं सांगितलं, की काही गडबड झाल्याचा पुरावा नसेल तर उगीच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका. कारण माणसं काय करतात? 'सास्तूर@१' चं 'सास्तूर@२' करतात, मग 'सास्तूर@३'. समोरची काही मंडळी हसताहेत, म्हणजे त्यांचा पासवर्ड मला कळला! तर सांगायचं एवढंच, की परीक्षेतलं पैकीच्या पैकी गुणांचं उत्तर काही वर्षांनी उलटं ठरू शकतं. म्हणून प्रमाणपत्रावर तारीख लागते.

आता जे सांगणार आहे ते आपल्या गावात जरा जपून सांगायला हवं. भारताचा भूकंपप्रवण भागांचा एक अधिकृत नकाशा असतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १८९३ या मानकात तो येतो, आणि कुठं किती मजबूत बांधकाम करायचं हे त्यावरून ठरतं. १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला, तोवर दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं. कोयनेनंतर १९७० मध्ये नकाशा बदलला. पण आपला भाग पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या विभागातच राहिला. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात धक्के बसले, लोक घाबरून बाहेर झोपले, इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. नकाशावरचा रंग मात्र तोच होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काय झालं, ते या गावात मी सांगायची गरज नाही. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या वर्गाची हजेरी त्यानंतर लहान झाली.

पुढं २००२ मध्ये तो नकाशा सुधारला. पहिला विभागच काढून टाकला आणि आपला भाग तिसऱ्या विभागात घेतला. म्हणजे ज्या जमिनीला 'सगळ्यात सुरक्षित' असं प्रमाणपत्र होतं, तिचं प्रमाणपत्र बदललं. १९७० चा नकाशा करणारे लोक खोटं बोलत नव्हते. त्या वेळी जेवढं माहीत होतं, तेवढं त्यांनी लिहिलं. पण प्रत्येक प्रमाणपत्र हे एका तारखेचं ज्ञान असतं, आणि ती तारीख लोक विसरतात.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नकाशा आधी बदलला असता म्हणून आपल्या माळवदाच्या घरांच्या भिंती आपोआप मजबूत झाल्या नसत्या. मातीत रचलेल्या दगडाच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि वर मातीचं जड छत. ती घरं कुणी नकाशा बघून बांधली नव्हती. भिंती बदलल्या त्या भूकंपानंतर आपल्या गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं तेव्हा. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा आरपार दगड घालायचा, कोपरे एकमेकांत गुंतवायचे, दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा, हे त्यांनी शिकून घेतलं. बापजाद्यांकडून हातात आलेली विद्या असलेल्या पन्नाशीच्या गवंड्यांनी नव्यानं शिकणं, यालाच मी खरं नूतनीकरण म्हणते. कागद बदलणं वेगळं आणि हात बदलणं वेगळं. दोन्ही लागतं, पण भिंत हातानं उभी राहते.

म्हणून ज्या कामात चुकीची किंमत दुसरा माणूस मोजतो, तिथं मुदतीबद्दल कुणी फार कुरकुर करत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची डॉक्टरांची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट इतकं शिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं. आपल्या स्पर्श रुग्णालयात आपण ज्यांच्या हातात नाडी देतो, त्यांच्याकडून हीच अपेक्षा असते. प्रवासी गाडी चालवणाऱ्याचा परवानाही पाच वर्षांनी नवा करावा लागतो. मग ज्याच्या हातात लाखो लोकांचे बँकेचे व्यवहार आहेत, त्या संगणकवाल्यानं एकदा पास व्हावं आणि जन्मभर निवांत राहावं, हे कसं चालेल?

आता दुसरी बाजू. सगळीच मुदत ज्ञानासाठी नसते. कॉम्पटिया नावाची अमेरिकेतली संस्था आहे, तिची ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस ही प्रमाणपत्रं जगभर चालतात. ती आजीवन होती. २०१० च्या सुरुवातीला संस्थेनं जाहीर केलं, की आता तीन वर्षांची मुदत, आणि आधी पास झालेल्यांनाही ती लागू. केवढा गदारोळ झाला! आजीवन म्हणून पैसे घेतले आणि आता मुदत कशी लावता, असं लोकांनी विचारलं. शेवटी संस्थेला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी २०११ च्या आधी पास झालेल्यांचं प्रमाणपत्र आजीवन राहिलं, नंतरच्यांना तीन वर्षांची मुदत लागली. माझ्या मते तो निकाल बरोबर होता. मुदत हवी असेल तर आधी सांगा, शब्द देऊन मागं फिरू नका.

नूतनीकरण गरिबाला परवडेल असंही करता येतं. मायक्रोसॉफ्टच्या कामानुसार दिल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रमाणपत्रांची मुदत २०२१ पासून एकच वर्ष आहे. ऐकायला वाईट वाटतं. पण नूतनीकरणाची चाचणी फुकट आहे, घरी बसून देता येते, पुस्तक उघडं ठेवून देता येते, आणि मुदत संपायच्या आधी सहा महिने ती खुली असते. वर्षभरात काय बदललं तेवढंच त्यात विचारतात. सिस्कोमध्येही पुन्हा परीक्षा देण्याऐवजी अभ्यासक्रम पूर्ण करून क्रेडिट मिळवता येतात. ॲमेझॉनच्या क्लाउड परीक्षेत पास झालात तर पुढच्या परीक्षेच्या फीत निम्मी सवलत मिळते. म्हणजे 'मुदत तीन वर्षं' एवढंच ऐकून घाबरू नका आणि 'मुदत एक वर्ष' ऐकून पळू नका. नूतनीकरणाला लागतं काय, ते विचारा.

काही प्रमाणपत्रांना मुदतच नाही, आणि तेही बरोबर आहे. जावा या भाषेचं प्रमाणपत्र पूर्वी सन कंपनी द्यायची, २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलनं घेतली. त्या जुन्या प्रमाणपत्रावर जावाची आवृत्ती छापलेली असते. आवृत्ती १.४ लिहिलेलं दिसलं की मला लगेच कळतं, हा माणूस २००४ च्या आधीची जावा शिकलाय. आवृत्ती हीच तारीख झाली. कागद खरं तेच सांगतो आणि वाचणारा हिशेब करतो.

आपल्या घराघरातली एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली, तिलाही मुदत नाही. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये ती आजही चालते. पण त्या काळात फ्लॉपीवर फाइल सेव्ह करायला शिकलेला आणि आजचा ऑनलाइन फसवणुकीचा फोन ओळखू शकणारा, या दोघांचा कागद सारखाच दिसतो. तिथं तारीख वाचायची जबाबदारी आपली.

शिक्षक मंडळींना टीईटीचा अनुभव आहेच. २०११ मध्ये ठरलं तेव्हा त्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं होती. पास होऊनही नोकरी लागली नाही, तोवर सात वर्षं संपली, अशी कितीतरी पोरं. २०२१ मध्ये ती मुदत आजीवन केली, आणि २०११ पासूनच्या सगळ्यांना लागू केली. मला ते पटलं. नोकरीची जागाच निघाली नाही म्हणून प्रमाणपत्र बाद होणं हा त्या मुलाचा दोष कसा? सप्टेंबर २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेतल्या शिक्षकांमध्ये काय चाललंय, ते मी बोलत नाही, नाहीतर जेवणाला उशीर होईल.

मुदतीचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसतो, हे बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. तो बसतो मुलींना. बाळंतपण, मूल लहान, सासू-सासऱ्यांचं आजारपण, यात तीन-चार वर्षं घरी जातात. मुदत तेवढ्यात संपते. मायक्रोसॉफ्टची ती फुकट चाचणी मुदतीच्या आतच देता येते, मुदत गेली की पूर्ण परीक्षा, पूर्ण फी. सिस्कोतही तेच. माझ्यासोबत काम केलेली एक हुशार मुलगी परत नोकरी शोधायला निघाली, तर एका कंपनीनं तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला ठेवला. कारण एवढंच, की प्रमाणपत्राच्या रकान्यात 'मुदत संपली' असं होतं. सहा वर्षं तिनं जे काम केलं होतं, ते कुणी वाचलंच नाही.

मुदत संपणं म्हणजे अक्कल संपणं नव्हे, हे मुलाखत घेणाऱ्यांना कळलं पाहिजे. आणि मुलींनो, तुम्ही दोन गोष्टी करा. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी सगळ्या प्रमाणपत्रांच्या तारखा मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि जे फुकटात नवं करता येतं ते करून टाका. घरातल्यांना सांगा, की या दोन तासांत बाळ तुम्ही सांभाळायचं. आणि मुदत संपलीच, तर अर्जात 'अमुक साली उत्तीर्ण' असं साल घालून लिहा. ते खरं आहे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. फक्त आज चालू आहे असं दाखवू नका.

मी मुलाखत घेते तेव्हा काय बघते, तेही सांगते. प्रमाणपत्र बघते, तारीख बघते, आणि मग विचारते, हे शिकल्यावर तू काय केलंस? बाजारात प्रश्नपत्रिका फोडून उत्तरं पाठ करून घेणारे धंदेवाले आहेत, त्यांच्याकडून पास झालेला दुसऱ्या वाक्याला अडतो. म्हणून ज्या परीक्षेत प्रत्यक्ष संगणकावर काम करून दाखवावं लागतं, रेड हॅटच्या लिनक्सच्या परीक्षेसारखी, तिला मी जास्त मान देते. तिथं पाठांतर चालत नाही.

पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या. ही मुदत किती, नूतनीकरणाला काय लागतं आणि किती खर्च येतो? परीक्षेत हातानं काम करून दाखवायचं आहे का? आणि मला हवी ती नोकरी देणारे हे प्रमाणपत्र खरोखर मागतात का? लातूर-पुण्यात 'आजीवन वैध' आणि 'शंभर टक्के नोकरी' असे फलक लावलेले क्लास दिसतील. आजीवन वैध या शब्दाला भुलू नका. त्या कागदाला मुदत नाही कारण तो कुणी विचारतच नाही, असंही असू शकतं.

शेवटी, मुदत कशाला नसते ते सांगते. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीचं नूतनीकरण आजवर कुणी मागितलं नाही. कारण तिच्यात पाया असतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कसा काढायचा, याची एक रीत डाइक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये छापली. आजही मोठमोठ्या नेटवर्कमध्ये माहितीची वाट त्याच रीतीनं काढली जाते. उपकरणं दहा वेळा बदलली, कंपन्या बुडाल्या, नव्या आल्या. ती रीत तशीच आहे. ती मला समजली, कारण भूमितीत 'सिद्ध कर' म्हणजे काय, हे या शाळेत शिकवलं गेलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शिकवलं, आणि उत्तर बरोबर आलं तरी 'कसं आलं ते दाखव' असं म्हणून वही परत केली. ती सवय असेल तर तीन वर्षांनी येणारी परीक्षा जड जात नाही. ती नसेल, तर कुठलाही आजीवन कागद उपयोगाचा नाही.

म्हणून लेकरांनो, गणित आणि विज्ञान नीट करा, इंग्रजी वाचायची भीती घालवा. प्रमाणपत्रं पुढं येतील, बाद होतील, पुन्हा कराल. आणि पालकांनो, तीन वर्षांनी पोरगं किंवा पोरगी परत परीक्षा देतो म्हणाली, तर "आधी केलं होतं ना?" असं म्हणू नका. विहिरीचा गाळ एकदा काढला म्हणून पुन्हा काढायचा नाही, असं आपण कधी म्हणतो का?

कुणाला कुठली परीक्षा द्यावी याबद्दल विचारायचं असेल, तर जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसा.